पिल्ले किती घ्यायची?

शीर्षक वाचून काही मैत्रिणी हसतील. वार्षिकांकात पाऊस, प्रेम, महाविद्यालयाचा पहिला दिवस असे विषय सोडून हिला कोंबड्या कुठून सुचल्या, असेही कुणी म्हणेल. पण खरे सांगते, या हिवाळ्यात आमच्या घरातल्या सर्वांची डोकी ज्या प्रश्नाने खाल्ली तो हाच. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ‘तू शिकलीस ना, मग कर हिशेब’ म्हणून हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडला.

आमचे गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून थोडे आत. शेती दोन एकर धानाची. धानाचा पैसा वर्षातून एकदा दिसतो आणि आला तसा जातो. कोंबड्यांचा पैसा मात्र आईचा. अंडी विकून आलेले पैसे तिच्या पदराच्या गाठीत असतात. माझ्या एस.टी.च्या पासाला दोन वर्षे त्याच गाठीने हात दिला. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळीत रोग शिरला. हिरवी हगवण, वाकडी मान, आणि आठ दिवसांत घरोघरची खुराडी रिकामी! आमच्या चौदांपैकी दोन कोंबड्या वाचल्या. आता आईने बचत गटातून दोन हजार रुपये उचलले आहेत आणि येत्या जूनमध्ये मला तृतीय वर्षाची फी भरायची आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ कोंबड्यांचा नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

घरात माणसे चार आणि मते तीन. आई म्हणे, पन्नास घेऊ. बाबा म्हणत, दहा पुरेत; दिवाळीनंतर मंडईला पाहुणे येतात त्यांच्यापुरती झाली म्हणजे झाले. आजीचे म्हणणे, विकत एकही नको. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत, एकविसाव्या दिवशी पिल्ले हजर! त्यातली काही घारीची, काही मुंगसाची, उरतील ती आपली. “सांजेले आत येतीन तेवढीच आपली, बाई. सकाळची गिनती कोनी करत नाही,” असे ती म्हणाली. मी वही उघडली ती या वाक्यावरच. सकाळी किती पिल्ले घ्यायची हे ठरवण्याआधी संध्याकाळी किती कोंबड्या आत घ्यायच्या, हे ठरवायला हवे होते.

आमचे खुराडे सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे १८ चौरस फूट. मोठ्या कोंबडीला रात्री बसायला दीड ते दोन चौरस फूट जागा लागते. म्हणजे आत मावणार नऊ ते बारा. दोन जुन्या आहेतच. तेव्हा नव्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढीच सोय. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाते. त्यातले निम्मे ती उकिरड्यावर, तणशीच्या ढिगाखाली, बांधावर स्वतः शोधते. उरलेले निम्मे घरातून. अकरा पाखरांना दिवसाला अर्ध्या किलोच्या वर, म्हणजे महिन्याला साडेसोळा किलो कणी-कोंडा. एवढे धान भरडून निघते. पन्नास पाळल्या तरी उकिरडा तेवढाच राहणार! अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी घटत्या फलाचा नियम शिकवला तेव्हा तो मला परीक्षेपुरता कळला होता. आमच्या परसात तो चांगलाच कळला.

आता आठ कोंबड्या हव्यात तर पिल्ले किती? एक दिवसाच्या पिल्लात नर कोणते, मादी कोणती, हे आपल्याला ओळखता येत नाही. सरासरीने निम्मे नर निघतात. म्हणजे सोळा. चार दगावतील असे धरले की झाली वीस. आठ माद्या ठेवायच्या, एक कोंबडा ठेवायचा आणि सात कोंबडे विकायचे.

आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या रंगाची पिल्ले टोपलीत घेऊन माणसे बसतात. स्वस्त म्हणून धाकट्या भावाचा त्यांवर डोळा होता. ती बहुधा अंडी देणाऱ्या जातीचे नर असतात. हॅचरीला नको असलेले. त्यांना कितीही खाऊ घाला, अंडे काही मिळायचे नाही. बंगळूरची गिरिराज किंवा हैदराबादची वनराज या जाती मोकळ्या परसात चालतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तर यांची संख्या शंभराच्या वर जाते. पण या सहसा खुडूक होत नाहीत. पुढची पिल्ले पुन्हा विकतच! म्हणून आजीच्या दोन जुन्या कोंबड्या खुराड्यात राहणार. तिचे मतही असे राखले गेले.

मग प्रश्न आला, आणायची केव्हा? जुलैत रोवणी असते. आई पहाटेपासून चिखलात, घरी पिल्लांवर नजर ठेवणार कोण? मे महिन्यात आमच्याकडचे ऊन माणसालाच सोसत नाही. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ठरला. तेव्हा आणलेले कोंबडे जूनअखेर, म्हणजे फीच्या वेळी, विकण्याजोगे होतील आणि पोळ्याच्या सुमारास अंडी सुरू होतील. शिवाय त्या दिवसांत परीक्षेच्या अभ्यासाला घरी असते कोण? मी! पहिल्या आठवड्यात पिल्लांना ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. मोजायला यंत्र नको. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे. मध्यरात्री वीज गेली तर वीस पिल्ले टोपल्यात घालून चुलीजवळ नेता येतात, पन्नास नेता येत नाहीत. आईची पन्नास खरी मागे पडली ती या मुद्द्यावर.

पण सगळा हिशेब अडला तो लसीशी. हा रोग राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या गावाचे नाव त्याला पडले आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा एक, एवढे केले की पिल्लू बरेचसे सुरक्षित होते. मात्र लशीची लहान कुपी मिळते ती १०० मात्रांची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी शंभरांची कुपी फोडायची, हे आईच्या जिवावर आले. त्यातही आपल्या कोंबड्यांना लस दिली आणि शेजारच्यांना नाही, तर रोग ओळीत राहतोच. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा फार्मबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या होत्या. रोगाला कुंपण दिसत नाही.

म्हणून मी वही घेऊन ओळीत फिरले. प्रत्येक घरचे खुराडे मोजले आणि संध्याकाळचा आकडा विचारला. कुठे पंधरा पिल्ले बसली, कुठे बारा, कुठे दहा. एका काकूंनी लस नकोच म्हटले, पण आजी त्यांच्याकडे दोनदा जाऊन बसली. सहा घरांची मिळून ८४ झाली. उरलेले सोळा थेंब रोगातून वाचलेल्या जुन्या कोंबड्यांना. नागपूरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. सगळ्यांची पिल्ले तिथून एकाच दिवशी आणायची म्हणजे प्रवासखर्चही वाटला जाईल. बर्फाचा डबा कुणाचा, पिल्लू कोण धरणार, थेंब कोण टाकणार, हेही लिहून झाले आहे. थेंब मी टाकणार आहे.

यादी वाचून दाखवली तेव्हा आई हसून म्हणाली, “मी पन्नास म्हणली त सारे भेले. आता ओळीत चौऱ्याऐंशी येऊन रायली!”

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पिल्ले आलेली असतील आणि पहिला थेंब त्यांच्या डोळ्यांत पडलेला असेल. पुढचे माझ्या वहीत नाही. ते आजी रोज संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी बसून मोजणार आहे.