देवणी ते जुमेरात बाजार

देवणी म्हटले की माणसाला आधी बैल आठवतो. पांढराशुभ्र बालंक्या, काळसर तोंडाचा वानेरा आणि अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, या जनावरांमुळे लातूर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या तालुक्याच्या गावाचे नाव देशभर पोहोचले. बैल घेताना इथला शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. जुन्या हत्यारांचा बाजारही असाच असतो. तिथे वस्तूची पारख हवी आणि माणसाचीही.

हा बाजार करण्याची वेळ आमच्यावर भाच्यामुळे आली. आयटीआयमधून टर्नर झाल्यावर तो चार वर्षे चाकणला कंत्राटी कामगार होता. खोलीभाडे आणि खानावळ भागवून घरी थोडेच पैसे येत. इकडे आपाच्या घरी तिच्याशिवाय कोणी नाही. शेवटी ठरले की घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत खराद बसवायची. आपले बुजुर्ग लेथला खरादच म्हणतात. गावात कामाला तोटा नाही. कडबा कुट्टीचा शाफ्ट, रसवंतीचा रूळ, ट्रॉलीची पिन, पंपाचा बुश, असे काही ना काही रोज मोडते. सोयाबीनच्या मळणीत एवढासा बुश गेला तरी शेतकऱ्याला उदगीर किंवा लातूर गाठावे लागते आणि त्याचा एक दिवस बुडतो.

लेथ लातूरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून मिळाली. त्यात भाच्याची बचत आणि आपाच्या दोन बांगड्या गेल्या. हाती उरले 25,000 रुपये. पण नुसती लेथ म्हणजे भांड्यांशिवाय चूल. चक, ड्रिल, टॅप, डाय, टूल बिट, मायक्रोमीटर हे सगळे नवे घ्यायचे तर ती रक्कम अर्ध्या यादीलाही पुरली नसती. म्हणून आम्ही, मामू आणि भाचा, बुधवारी हैदराबादला निघालो.

हैदराबादच का, असे कोणी विचारले तर उत्तर इतिहासात आहे. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि उदगीरचा मुलूख 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. सरहद्दी बदलल्या, पण सोयरीक, दवाखाना आणि बाजार यांसाठी आमच्या भागातली माणसे आजही त्याच रस्त्याने जातात. उदगीर सोडले की बिदर येते. तिथे महमूद गावानच्या मदरशाचा 1472 चा उरलेला मिनार पाहून मान आपोआप वर जाते. बिदरी कामाचे कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्र धातूवर छिन्नीने नक्षी कोरतात, त्यात चांदी बसवतात आणि किल्ल्यातल्या मातीच्या मदतीने तिला काळा रंग देतात. एका दुकानाच्या दाराशी भाचा बराच वेळ कारागिराची छिन्नी निरखत उभा राहिला. पुढे जहीराबाद, आणि मग शहर.

जुन्या हत्यारांचा एवढा साठा हैदराबादेत येतो कुठून? इथे 1942 मध्ये ऑलविन आणि 1943 मध्ये प्रागा टूल्स सुरू झाले. पुढे एचएमटीचा कारखानाही आला. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने छोटी वर्कशॉप वाढली. काळ फिरला, कारखाने मिटत गेले, आणि स्टोअरमधला माल, निवृत्त टर्नरच्या पेट्या, लिलावातले भंगार बाजारात आले. सिकंदराबादच्या राणीगंजला दुकाने आहेत. पण कमी पैशांत काम भागवायचे असेल तर मुसी नदीकाठचा, पुराना पुलाजवळचा जुमेरात बाजार. हा पूल 1578 चा. दर गुरुवारी त्याच्या अंगाला जमिनीवर पोती अंथरली जातात. कपडे, भांडी, पंखे, कुलपे आणि त्यांच्या मधोमध हत्यारांचे ढीग.

भाच्याने घरून एक पिशवी भरून आणली होती. तिच्यात होते व्हर्निअर, लोहचुंबक, भिंग, रॉकेलचा फडका, ग्राइंडिंग केलेली गोल सळई आणि लेथच्या टेलस्टॉकमध्ये बसणारी एक स्लीव्ह. ही पिशवी नसती तर आम्ही फक्त ढिगाकडे पाहत बसलो असतो. टेपर शँकचे ड्रिल स्लीव्हमध्ये बसवून पाहायचे. डुगडुगले किंवा शँकवर खोल ओरखडे असले तर खाली ठेवायचे. टोकाची धार गेली असेल तर घाबरायचे कारण नाही, ती घरी लावता येते. सरळ ड्रिल काचेवर लोळवले की वाक लगेच दिसतो. टॅपचे दाते भिंगातून पाहायचे. एक दाता तुटला असला तरी तो टॅप कामात अडकून मोडणार आणि गिऱ्हाइकाचा भाग वाया जाणार. मायक्रोमीटर पूर्ण मिटवून शून्य जुळतो का पाहायचे. शून्य थोडा सरकलेला असेल तर तो जुळवता येतो, पण मोजणाऱ्या तोंडावर गंजाचे खड्डे असतील तर ते फुकटही नको.

तीन जबड्यांच्या चकवर सर्वांत जास्त वेळ गेला. जबड्यांवरचे 1, 2, 3 हे आकडे आणि त्यांच्या खाचांवरचे आकडे जुळतात का, चावी शेवटपर्यंत सारखी फिरते का, हे भाच्याने पाहिले. मग सळई पकडून तो चक उजेडाकडे धरला. जबडे पुढच्या तोंडाला झिजलेले असतील तर सळई आणि जबडा यांच्या मधून उजेड दिसतो. पहिले दोन चक त्याने परत ठेवले. तिसरा घेतला.

टूल बिटचे पोलाद ओळखायला शेजारच्या दुकानातला ग्राइंडर कामी आला. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या आणि फुलबाजीसारख्या फुटतात. हाय स्पीड स्टीलच्या ठिणग्या थोड्या, लालसर आणि न फुटणाऱ्या असतात. हे पोलाद सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत कडकपणा टिकवते, साधे पोलाद त्याच्या निम्म्याआधीच मऊ पडते. फरक एवढा मोठा आहे आणि ढिगात दोन्ही सारखेच दिसतात. एक वस्तू मात्र जुनी घेऊच नये, ती म्हणजे ग्राइंडिंग व्हील. न दिसणारी चीर असली तर वेगात चाक फुटते आणि डोळा किंवा जीव जातो. ते आम्ही राणीगंजहून नवेच घेतले.

दुपारी एका पोऱ्याने पोत्याखालून एक डबा काढला. टॅपचे कोरे संच, कंपनीच्या तेलकट कागदात जसेच्या तसे. भाव नव्याच्या चौथा हिस्सा. भाच्याचे डोळे चमकले. यादीतली अर्धी उणीव तिथेच भरून निघत होती. आम्ही विचारले, “बेटा, हा माल कुठला? काही पावती?” तो म्हणाला, “पावती नक्को चाचा, लेना हो तो लेओ.” हा ‘नक्को’ दखनी बोलीने मराठीतूनच घेतलेला. एरवी तो ऐकून आपुलकी वाटते, त्या क्षणी मात्र मन धास्तावले.

भाचा हळूच म्हणाला, “मामू, आपण थोडीच चोरी केली? आपण तर पैसे देतोय.” आम्ही त्याला म्हणालो, “बेटा, ज्या लेथवर तुझ्या अम्मीच्या बांगड्या लागल्या, तिच्यावर पहिला आटा कोणत्या टॅपने पाडायचा, ते तू ठरव.” तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने डबा बंद करून परत दिला.

शेवटच्या ढिगामागे एक वयस्कर विक्रेते बसले होते. बेंच व्हाइस दाखवताना त्यांनी स्वतःच तिचा जबडा उलटा केला आणि म्हणाले, “इथे वेल्डिंग आहे, आधीच पाहून घ्या.” ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला, आणि दोष झाकणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी समज दिली. दोष वर ठेवून विकणारा माणूस आम्हाला त्या दिवशी समोर भेटला. व्हाइस तर घेतलीच, शिवाय टॅप आणि डायही त्यांच्याकडूनच घेतले. पूर्ण संच मिळाला नाही, पण रोज लागणारे सहा माप मिळाले. शेजारच्या मशिदीत असर पढून आम्ही ओझे उचलले. खिशात 3,400 रुपये शिल्लक होते.

जुना माल घ्यायला जाणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू. यादी घरी करा, आपल्या मशीनचे माप सोबत न्या, घासाघीस करा पण गरिबाच्या पोटावर नको, आणि ज्याचा मूळ मालक विक्रेत्याला सांगता येत नाही ते स्वस्तात मिळाले तरी सोडा.

देवणीत परतल्यावर भाच्याने दोन दिवस सगळी हत्यारे रॉकेलमध्ये धुतली आणि चक बसवला. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी मळणी यंत्राचा झिजलेला बुश घेऊन आला. दुपारच्या जेवणाआधी तो नवा बुश घेऊन शेतावर परतलाही होता. त्या मजुरीतले पहिले शंभर रुपये भाच्याने अम्मीच्या हातावर ठेवले. टॅपचे आणखी चार माप अजून घ्यायचे आहेत. ते येतील, कमाईतून एकेक करून.