चौघांची रात्र

खेळावे मुलांनी, आणि साठी उलटलेल्यांनी पोथी, वर्तमानपत्र व चहा यांवर दिवस काढावा, अशी वाटणी आपल्या घराघरांतून फार दिवस चालत आलेली आहे. नातवंडांच्या समाधानासाठी पत्त्यांचा एखादा डाव टाकला, तर तेवढे खपवून घेण्यात येते. असे असता सिंदेवाहीसारख्या अरण्यवेष्टित गावी राहणारे आम्ही, जन्मभर मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतलेले सेवानिवृत्त शिक्षक, दर शनिवारी रात्री आठाच्या सुमारास संगणकापुढे बसतो आणि साडेनवापर्यंत लाकडे तोडतो, हे वाचून कोणास हसू आले तर आमची तक्रार नाही. हसून झाल्यावर पुढचे वाचावे, एवढीच विनंती.

खेळाचे नाव व्हॅलहाइम. उत्तर युरोपातील पुराणकथांचा त्यास आधार आहे. रणात पडलेला वीर दहाव्या एका लोकात जाऊन पडतो, आणि तेथे त्याने रिकाम्या हातांनी जगावयाचे. काटक्या व दगड वेचून कुऱ्हाड करावी, झोपडी उभारावी, रानफळे व शिकार यांवर निर्वाह करावा. एका वेळी दहा जणांपर्यंत मंडळी, आपापल्या घरी बसून, एकाच रानात एकत्र वावरू शकतात.

स्वीडन देशातील आयर्न गेट नावाच्या अवघ्या पाच जणांच्या मंडळाने हा खेळ २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस काढला, आणि सुमारे महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. नवल हे की, तो विकला तो अपुरा असतानाच. यास ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. वस्तू पुरी झालेली नाही हे सांगूनच ती द्यावयाची, घेणाराने वापरून दोष दाखवावयाचे, आणि कर्त्याने ती वाढवीत न्यावयाची. धुक्याचा प्रदेश त्यात डिसेंबर २०२२ मध्ये आला, राखेचा मे २०२४ मध्ये. आपल्याकडे डॉ. केतकरांचा ज्ञानकोश लोकांनी असाच एकेक खंड येईल तसतसा घेतला होता. तेव्हा अपुऱ्या वस्तूवर विश्वास टाकणे आपणांस अगदीच अपरिचित आहे असे नाही.

आम्ही चौघे एकाच शाळेत वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र होतो. निवृत्तीनंतर गणिताचे गुरुजी मुलाकडे पुण्यास गेले, चित्रकलेचे नागपुरास, भूगोलाचे ब्रह्मपुरीस; सिंदेवाहीत आम्ही तेवढे उरलो. फोन होत असत. पण ‘प्रकृती कशी?’ ‘बरी आहे’ यापुढे गाडी सरकत नसे. ज्यांनी बरोबरीने काम केले, त्यांना नुसते बोलण्यासाठी बोलणे अवघड जाते. आमच्या नातवाने हे ओळखले आणि चौघांच्याही घरी या खेळाची सोय करून दिली.

मग जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे कामास लागला. चित्रकलेच्या गुरुजींनी घर बांधले. पहिल्या घरात शेकोटीच्या धुरास वाट ठेवलेली नव्हती, म्हणून चौघांचाही जीव घाबरा झाला; पुढे छपरास धुराडे आले. नाव हाकणे भूगोलाकडे, लाकडांच्या पन्नास-पन्नासांच्या राशी मोजणे गणिताकडे, आणि रांधणे आमच्याकडे. या रानात भुकेने कोणी मरत नाही, परंतु उपाशी गड्याच्या अंगी बळही राहत नाही. आणि एकच पदार्थ तीनदा खाऊन भागत नाही, तीन निरनिराळे लागतात. पंचतंत्रातील कावळा, उंदीर, कासव व हरिण या चार मित्रांची कथा आम्ही कितीदा तरी शिकविली. प्रत्येकाचे सामर्थ्य निराळे असावे, हेच त्या मैत्रीचे भांडवल, हे या वयात हातांनी अनुभवावयास मिळाले.

गडी मेला, तर तो आपल्या अंथरुणावर पुन्हा जागा होतो. त्याची चीजवस्तू मात्र तो पडला तेथेच राहते. ती आणावयास एकटा गेला, तर बहुधा पुन्हा मरतो. म्हणून सोबत लागते. आमच्या भागातील लोकांना हे शिकवावे लागत नाही. चैत्रात मोहफुले वेचावयास, वैशाखात तेंदूपाने तोडावयास माणसे घोळक्याने रानात जातात. कारण हे रान वाघाचे आहे. तेथे पडलेला मनुष्य मात्र पुन्हा उठत नाही, हा भेद आम्ही विसरत नाही.

खेळातील अहोरात्र सुमारे अर्ध्या तासाचे. रात्र भयाची असते. ती टाळावयाची तर एक नियम आहे: खेळणाऱ्या सर्वांनी अंथरुणावर पडले पाहिजे. एक जरी जागा राहिला, तरी बाकीच्यांचे निजणे व्यर्थ. रात्र पुरती काढावी लागते.

गतवर्षी गणिताच्या गुरुजींच्या पत्नी निवर्तल्या. दोन महिन्यांनी ते पुन्हा खेळावयास येऊ लागले. पण रात्र झाली की निजेनात. “तुम्ही पडा, मी पहारा करतो,” म्हणत. तीन शनिवार असेच गेले. अखेर भूगोलाचे गुरुजी म्हणाले, “गुरुजी, तुम्ही आडवे झाल्याशिवाय आम्हा कोणालाच सकाळ नाही.”

काही वेळ पलीकडून शब्द आला नाही. मग ते म्हणाले, “घरीही मी निजत नाही हो. दोन वाजल्यापासून गॅलरीत बसून असतो. मुलगा-सून दिवसभर दमून येतात. त्यांना काय सांगावयाचे?”

फोनवर इतक्या वेळा ‘बरी आहे’ ऐकले, त्यात ही गोष्ट कधी आली नव्हती. त्या रात्री आम्ही कोणीच निजलो नाही. चौघेही शेकोटीभोवती बसलो आणि ते पत्नीविषयी बोलत राहिले. खेळातील रात्र ती. थोड्याच मिनिटांत उजाडले. दुसऱ्या दिवशी, त्यांची संमती घेऊन, भूगोलाच्या गुरुजींनी त्यांच्या मुलास सर्व सांगितले. मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि आता रात्री त्यांच्याच खोलीत निजतो.

त्यांची झोप पूर्ववत झाली असे आम्ही म्हणणार नाही. दुःखास औषध म्हणून खेळ सुचविण्याचाही आमचा मानस नाही. डोळ्यांस शीण होतो, म्हणून दीड तासाची मर्यादा आम्ही मोडत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ‘प्रकृती कशी?’ या प्रश्नास घरातील वडील माणसे खरे उत्तर क्वचितच देतात. हाती काही काम असले, शेजारी बरोबरीचे कोणी असले, म्हणजे ते उत्तर आपोआप बाहेर पडते. ते काम तांदूळ निवडण्याचे असो, की नसलेल्या रानातील लाकडे तोडण्याचे असो. अलीकडे गणिताच्या गुरुजींना अपरात्री जाग आली, तर ते फोन करतात. तो बहुधा सिंदेवाहीस येतो, आणि आम्ही उचलतो.