दिवा लागला, एवढ्याने काम झाले का?

गवंड्याने भिंत तिरकी बांधली तर ती घरातल्या लेकरालाही दिसते. सुताराचे दार चौकटीत नीट बसले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात ते कुरकुरू लागते. विजेच्या कामाचे मात्र तसे नाही. चुकीच्या जोडणीवरही दिवा तितकाच लख्ख लागतो आणि पंखा तितकाच गरगर फिरतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवले, तरी ते दाबताच दिवा विझतो. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज जागीच राहते आणि बल्ब बदलायला वर चढलेल्या हाताची वाट पाहते. ज्या कामाचा बरेवाईटपणा घरमालकाला डोळ्यांनी पारखता येत नाही, ते काम कोणी करावे हे कोणीतरी आधी ठरवून द्यावे लागते. परवान्यामागचा विचार एवढाच आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतील ४५व्या नियमाने तो स्पष्ट शब्दांत मांडला होता. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तू जशाच्या तशा बदलणे वगळता घरातील वायरिंगचे कोणतेही काम, मग ते नवे असो वा दुरुस्तीचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावे. त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी. आणि तारेला हात लावणाऱ्या कामगाराजवळही त्याचा स्वतःचा परवाना असावा. २००३ चा विद्युत कायदा आल्यावर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षेचे विनियम केले. पण या तरतुदीचा गाभा तोच राहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती वायरिंगवर असे बंधन २००५ साली आले. कागदावर आपण त्यांच्या जवळजवळ पन्नास वर्षे पुढे होतो.

कागद आणि घर यांच्यामधले अंतर किती, हे आम्हांस वसईतील आमच्या घराची वायरिंग बदलताना कळले. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या तारा काढून भिंतीतून नळ्या घातल्या. घरात लग्न होते, त्यामुळे घाईही होती. काम करणारा मुलगा गावातलाच, हुशार, हाताचा स्वच्छ. त्याच्याजवळ परवाना नव्हता. चाचणी अहवालाचे काय, असे आम्ही विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, ‘‘काका, सही मिळून जाते, त्याची चिंता नको.’’ ज्या ठेकेदाराची सही मिळणार होती, त्याने आमच्या घराचा उंबरठाही ओलांडला नव्हता. आम्ही हट्ट धरला, की सही करणाऱ्याने यावे, पाहावे आणि मगच सही करावी. चार दिवस गेले, थोडी कुरबुर झाली, पण अखेर एक पर्यवेक्षक मीटर घेऊन आला. न्हाणीघरातल्या गिझरच्या सॉकेटमध्ये तीन भोके होती. त्यांतल्या वरच्या भोकामागची हिरवी तार भिंतीत शिरत होती खरी, पण दुसऱ्या टोकाला ती कशालाच जोडलेली नव्हती. पाणी मात्र आठ दिवस उत्तम तापत होते.

त्या हिरव्या तारेचे मोल सांगणे अगत्याचे आहे. यंत्राच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर अर्थिंगची तार तिला जमिनीकडे सोपी वाट देते. प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज वितळतो किंवा ब्रेकर पडतो. ती वाट नसेल तर वीज माणसाच्या देहातून वाट काढते. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन लांब ठेवलेली असते, ती सर्वांआधी जोडली जावी म्हणून. आपण मात्र दोन पिनांचा जोड लावून तिला निरुपयोगी करतो, आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार भरतो. पावसाळ्यात ओल्या भिंती आणि वाडीतल्या विहिरीवर उघड्या तारेने जोडलेली मोटार यांची भर पडली की धोका किती वाढतो, हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. हे सर्व मृत्यू घरांतले नाहीत. पण त्यांतला प्रत्येक जण कोणत्या तरी घरचाच होता.

मग त्या मुलाला दोष द्यावा काय? आमचे मन तयार होत नाही. तो काम शिकला मामाच्या हाताखाली. सणाला क्रुसावर दिव्यांच्या माळा तोच चढवतो, रात्री अकराला वीज गेली तर तोच धावत येतो. उद्या नियमाचा बडगा उगारला तर पहिली भाकरी त्याची जाईल; घर न पाहता सही देणारा मात्र सुखरूप राहील. नियमाने तिघांना साखळीत बांधले आहे, ते एकाने दुसऱ्याचे काम तपासावे म्हणून. सही विकली गेली की साखळी तुटते आणि तिचे सारे ओझे सर्वांत दुबळ्या कडीवर पडते.

म्हणून, वाचकहो, परवाना म्हणजे आपल्या मुलांच्या वाटेतली धोंड असे न मानता तो त्यांना मिळवून देण्याची जबाबदारी आपण घ्यावी, असे आम्हांस वाटते. आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. हाताने शिकलेल्यांसाठी तारतंत्र्याच्या परीक्षेची वाटही महाराष्ट्रात आहे. अर्ज भरणे, अनुभवाचा दाखला मिळवणे, पुस्तकातली भाषा उलगडून सांगणे एवढे साहाय्य धर्मग्रामातले निवृत्त अभियंते आणि शिक्षक सहज करू शकतील. आणि घरमालकांनी तीन गोष्टी धराव्यात: काम करणाऱ्याचा परवाना पाहावा, सही करणाऱ्याला घरी बोलवावे, आणि अर्थिंगची चाचणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. याने दोन पैसे अधिक लागतील. लग्नाच्या मांडवावर आपण किती खर्च करतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने या दोन पैशांची तक्रार करू नये.