बसणारी कोंबडी

आठवडी बाजारात खुडूक कोंबडीला कुणी विचारत नाही. घेणारा आधी पिसं फुगलीत का बघतो, मग पोटाखाली हात घालतो, आणि कातडी उघडी, गरम लागली की कोंबडी परत डालग्यात टाकतो. अंडी बंद, खाणं कमी, वजन उतरलेलं. त्याच्या हिशेबानं ती फुकट पोसायची. माझा हिशेब उलटा आहे. आजऱ्याकडच्या पावसात मी गावठी कोंबड्यांची पिल्लं काढून विकते. घरात अंडी उबवायचं मशीन आहे, ते चालतंही चांगलं, आणि तरी नेटानं बसणारी कोंबडी दिसली की मी फार घासाघीस न करता घेऊन येते.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि एके दिवशी खुराड्यातून उठतच नाही. हात पुढे केला की घशातून कुरकुरते, दुप्पट फुगते, चोच मारते. अंगात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असतं. पोटाखालची पिसं झडतात, तिथं रक्त वाढतं आणि उघडी कातडी थेट अंड्याला टेकते. अंड्याचा तो स्पर्शच प्रोलॅक्टिन टिकवून धरतो. म्हणून अंडी काढून घेतली की काहींचं खुडूकपण उतरतं. काही मात्र रिकाम्या पिंजरावर, नाहीतर कोपऱ्यातल्या बटाट्यावरसुद्धा बसून राहतात. त्यांना उठवायला लोक गार पाण्यात बुचकळतात, नाकात पीस ओवतात. नाकातलं पीस म्हणजे निव्वळ छळ आहे. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवली की बहुतेक कोंबड्या मुकाट्यानं हिंडायला लागतात. पण मुळात उठवायचीच कशाला?

बसवायची तर जागा अंधारी, कोरडी आणि मांजर-मुंगसाच्या वाटेपासून लांब हवी. बुट्टीत तळाला चुलीतली राख, वर भाताचं पिंजर, मध्ये चार डहाळ्या कडुनिंबाच्या. राख कशाला, तर बसलेली कोंबडी धुळीत लोळायला फारशी बाहेर पडत नाही आणि पिसवा नेमक्या तेव्हाच तिच्यावर तुटून पडतात. रात्रभर पिसवांनी खाल्लेली कोंबडी अंडी टाकून उठते आणि लोक नावं ठेवतात ती कोंबडीला. अंडी अंधार पडल्यावर खाली सरकवायची, दहा-बारा, तिच्या अंगाखाली पुरती झाकतील एवढीच. पंधरावं अंडं लोभाचं असतं. ते बाहेर डोकावतं, गार होतं. कोंबडी ते आत ओढते आणि दुसरं बाहेर ढकलते. असं आळीपाळीनं चार-पाच अंडी वाया जातात.

आमच्याकडे बुट्टीत लोखंडाचा खिळा नाहीतर कोळसा ठेवायची रीत आहे, ढगांच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. कोंबडीखालची अंडी गडगडाटानं बिघडत नाहीत. गडगडाट झाला की लाइट जाते आणि मशीनमधली बिघडतात. खिळा खरं तर मशीनमध्ये ठेवायला हवा.

दोन्हीकडे दिवस तेवढेच, २१. वारा फिरवणारा पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश सेल्सियस धरायचं, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची, नंतर हात लावायचा नाही. एवढं माहितीपत्रकात असतं. लाइट दोन-तीन तास गेली म्हणून धीर सोडू नये. मशीन उघडून बघत बसू नये, वरून गोधडी टाकावी. गर्भ थोडा गारठा सोसतो, उष्णता सोसत नाही. थर्मोस्टॅट अडकून पारा चाळिशीच्या वर गेला तर काही तासांत सगळा घाणा संपतो. कोंबडी तरी कुठे पारा धरून बसते? रोज एकदा उठते, मोठी, नाक धरायला लावणारी शीट टाकते, दाणा-पाणी उरकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्यात अंडी गार होतात, हवा खातात. परतल्यावर ती चोचीनं कडेची अंडी मध्ये घेते, मधली कडेला सारते. हे ती दिवसरात्र किती वेळा करते ते बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पाऱ्यापेक्षा मला दमटपणानं जास्त शिकवलं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पहिले १८ दिवस दमटपणा ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, आणि त्यासाठी मशीनच्या तळात पाण्याचे ट्रे भरून ठेवा. लिहिणाऱ्यानं आजऱ्याचा जुलै पाहिलेला नसावा. इथं भिंती घाम गाळतात, मीठ पाणी सोडतं, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. अशा हवेत ट्रे भरला तर अंड्यातलं पाणी बाहेर जायचं राहतं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ ते १३ टक्के घटायला हवं. तेवढी जागा मोकळी होते, रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते आणि पुरं वाढलेलं पिल्लू आतल्या आत गुदमरतं. एकविसाव्या दिवशी न फुटलेलं अंडं फोडलं की आत पिसांसकट सगळं तयार, फक्त चिकट पाण्यात भिजलेलं. ते बघवत नाही.

म्हणून मी दमटपणाच्या काट्यावर विसंबत नाही, अंडी तोलते. घातल्या दिवशी सगळा ट्रे तराजूवर ठेवायचा आणि वजन भिंतीवर लिहायचं. सातव्या दिवशी पुन्हा, चौदाव्या दिवशी पुन्हा. ४५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी चाळिशीच्या आत-बाहेर आलं पाहिजे. वजन उतरत नसेल तर ट्रे कोरडा करून झरोके पूर्ण उघडायचे, झपाट्यानं उतरत असेल तर पाणी घालायचं. पावसाळ्यात मी शेवटच्या तीन दिवसांपर्यंत पाणी घालतच नाही. एप्रिलमध्ये तोच ट्रे रोज भरावा लागतो.

सातव्या रात्री अंडी बॅटरीवर धरायची. पुठ्ठ्याची नळी, तिच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक, खोलीत अंधार. जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं आणि मधोमध काळा ठिपका दिसतो, नीट पाहिलं तर ठिपका हलतो. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते फळलेलंच नव्हतं. रक्ताचं गोल कडं दिसलं तर गर्भ धरून मेला. तीही अंडी लगेच काढायची, नाहीतर सडून फुटतात आणि घाण सगळ्यांना लागते. शेजारची पोरं विचारतात, काकी, दुकानातली अंडी घातली तर? दुकानातलं अंडं लेअर फार्मवरचं. तिथं कोंबडाच नसतो. सहा महिने उबवलं तरी त्यातून वास सोडून काही बाहेर येणार नाही.

मशीन ही काल-परवाची गोष्ट नाही. मिसरमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवायची विद्या फार जुनी. अ‍ॅरिस्टॉटलनं मिसरी लोक शेणाच्या उबेत अंडी उबवतात असं लिहून ठेवलं, आणि अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञानं अंडी उबवण्यावरच्या पुस्तकात त्या भट्ट्यांबद्दल लिहिलं. तिथले कारागीर थर्मामीटरशिवाय, अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. मीही लावते. दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवतात तेव्हा कोंबडीखालचं एक अंडं आणि मशीनमधलं एक अंडं मिटल्या पापणीला टेकवून बघायचं. बोटांना जो फरक कळत नाही तो पापणीला कळतो.

म्हणजे उबवण्यापुरतं मशीन कोंबडीच्या जवळपास पोचतं, संख्येत तर पुढेच जातं. अडतं ते पुढं. अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं, त्यावर दोन दिवस निभतं. नंतर मशीनच्या पिल्लाला बल्ब लागतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, मग हळूहळू कमी. दाणा टिपायला शिकवावं लागतं, आणि घार म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कोंबडीची पिल्लं तिसऱ्या दिवशी तिच्या मागून वाळवी उकरतात. घारीची सावली अंगणात पडायच्या आत ती एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं क्षणात पंखाखाली गडप होतात. म्हणून मी दोघांचं जमवते. मशीन भरते त्याच दिवशी एखादी खुडूक कोंबडीही बसवते. एकविसाव्या रात्री तिची पिल्लं निघत असताना मशीनमधली आठ-दहा अंधारात तिच्या पंखाखाली सरकवायची. सकाळी ती मोजत नाही, सगळ्यांना आपली म्हणते. दिवसाउजेडी सरकवली तर मात्र काही कोंबड्या परकं पिल्लू टोचून मारतात. डोळ्यात लासोटा लशीचा थेंब कोंबडीखालच्या पिल्लांनाही पाचव्या ते सातव्या दिवशी घालायचाच. राणीखेत रोग आई आहे की बल्ब हे बघत नाही.

आता अडचण अशी आहे की बसणाऱ्या कोंबड्याच कमी होत चालल्यात. व्हाइट लेगहॉर्नमधून खुडूकपणा निवडीनं काढून टाकला. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी हवी असतील तर कोंबडी तीन आठवडे बसून चालत नाही, हे बरोबरच आहे. गिरिराज, वनराज परसात वाढवायला चांगल्या जाती, पण बसायला नाहीत. त्यांची पिल्लं उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. झाबुआच्या कडकनाथाची अंडी तर गावठीखाली घालायचीच पद्धत आहे, कारण ती कोंबडी स्वतः नेटानं बसत नाही. आणि परसात या सगळ्यांची सरमिसळ झाली, की तिसऱ्या पिढीतली गावठी दिसायला गावठी, बसायला नाही. दहाव्या दिवशी अंडी टाकून उठणाऱ्या कोंबड्या मला हल्ली जास्त दिसतात.

तेव्हा तुमच्या घरी २१ दिवस नेटानं बसणारी आणि पिल्लं घारीपासून राखणारी कोंबडी असेल, तर पाहुणे आले म्हणून तिच्यावर सुरी फिरवू नका, बाजारातही नेऊ नका. तिच्याच अंड्यांवर तिला बसवा, आणि तिच्या पिल्लांतला एखादा कोंबडाही राखा. बसण्याचा गुण कोंबड्याकडूनही उतरतो. सांभाळणं जमतच नसेल तर मला कळवा. मी घेईन.