आपणही घरमालक होऊ या, पण कसे?



बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्या समाजात नोकरदार वर्ग उभा राहिला. आता त्यातील पुष्कळ लोक निवृत्तीला आले आहेत. "हाती येणाऱ्या पैशाचे काय करावे?" हा प्रश्न विहारातील बैठक संपल्यावर हमखास निघतो आणि वणीत त्याचे ठरलेले उत्तर मिळते, "घरामागे दोन खोल्या काढू, किरायाने देऊ."

विचार चांगला आहे. वणीच्या आसपास वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. बाहेरगावचे कामगार, बदलीवर आलेले कर्मचारी, खेड्यांतून कॉलेजसाठी येणारी मुले यांना खोल्या लागतातच. परंतु नुसता विचार चांगला असून भागत नाही, हिशेबही जुळला पाहिजे.

समजा, स्वतःच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधायला 6 लाख रुपये लागले आणि प्रत्येक खोलीला महिना 3,500 रुपये किराया आला. वर्षाचे होतात 84,000. पण खोली बाराही महिने भरलेली राहत नाही. एक महिना रिकामा धरला तर उरतात 77,000. नगरपरिषदेचा कर, रंगरंगोटी, नळ-मोटारीची दुरुस्ती यांचे 12,000 वजा केले की हाती 65,000, म्हणजे महिन्याला साधारण 5,400 रुपये. आता हेच 6 लाख 9 टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी कर्जाऊ काढले, तर हप्ता बसतो सुमारे 7,600 रुपये! किरायातून हप्ता फिटत नाही, उलट दर महिन्याला घरातून पैसे घालावे लागतात. म्हणून सगळे कर्जावर करू नये. निदान एक तृतीयांश रक्कम स्वतःची असावी.

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात हेच सांगितले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. खोल्या बांधायच्या त्या मधल्या दोन भागांतून. मुलीच्या शिक्षणाचा आणि आजारपणाचा चौथा भाग विटा-सिमेंटात घालू नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नवा प्लॉट घेणार असाल तर जमीन अकृषक झाली आहे का, लेआऊट मंजूर आहे का, हे आधी पाहावे. जमीन नझूलची किंवा भोगवटादार वर्ग 2 ची असेल, तर परवानगीच्या अटी तपासल्याशिवाय इसार देऊ नये. बांधकामाची परवानगी नगरपरिषदेकडून घ्यावी.

किरायेदार ठेवताना "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" असे पुष्कळ जण म्हणतात. हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. किरायाचे उत्पन्न आयकरातही दाखवावे. भरलेला नगरपरिषद कर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के वजावट मिळते, मग लपवायचे कशाला?

आता मनातली गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीला मी खोली शोधत फिरलो. पगाराचा दाखला खिशात होता. घरमालकाने तो पाहिलाच नाही, आडनाव विचारले. ऐकल्यावर म्हणाला, "खोली पाहुण्यांसाठी ठेवली आहे." आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य ऐकले असेल! परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे 1930 च्या दशकात त्यांनीच दादरला 'राजगृह' बांधले.

आज आपल्या हातात किल्ली आली आहे. आणि खंत वाटते ती याची की, खोली बघायला आलेल्या माणसाला आडनाव विचारणारे आता आपल्यातही निघू लागले आहेत. कुणाला मातंग नको, कुणाला मुसलमान नको. ज्या प्रश्नाने आपल्या बापाला दारातून परत पाठवले, तोच प्रश्न आपण विचारायचा?

किरायेदाराला अवश्य विचारा: काम कुठे करता, माणसे किती, ओळखपत्र कोणते. पोलीस ठाण्यात माहिती द्या. किराया वेळेवर मागा आणि पावती द्या. जात मात्र विचारू नका. दोन खोल्यांचा किराया घर चालवायला मदत करील. पण आपल्या ओट्यावरून कुणी आडनावासाठी परत गेला नाही, ही कमाई मुलांच्या कामी येईल.

जयभीम!