चौथा खांब

घरातील लाकडी वस्तूंमध्ये पाळण्याचे नशीब मोठे चमत्कारिक असते. पाट रोज लागतो, खाट रोज लागते, देव्हाऱ्यापुढे रोज दिवा लागतो. पाळणा मात्र कित्येक वर्षांतून एकदा माळ्यावरून खाली येतो. मूल पाच-सहा महिन्यांचे झाले, कुशीवर वळू लागले, कठडा धरून उठू पाहू लागले, की त्याला पाळण्यात ठेवणे धोक्याचे ठरते आणि पाळणा पुन्हा माळ्यावर जातो. ज्याच्यासाठी तो केला, त्याला पुढे त्याची आठवणही राहत नाही. आणि तरीही माणसांना पाळण्याचे केवढे अप्रूप! शिवनेरी किल्ल्यावर शिवजन्माच्या वास्तूत पाळणा ठेवलेला आहे. तो पाहताना मोठमोठी माणसेही आवाज खाली आणतात. रामनवमीला भर दुपारी देवळोदेवळी पाळणा हलतो, आणि त्याची दोरी ओढायला मिळावी म्हणून मुले एकमेकांना रेटतात.

दक्षिण कोकणातील एका खेड्यात अण्णांचे घर होते. अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पण त्यांचा खरा जीव मागच्या पडवीत गुंतलेला असे. तेथे भिंतीला करवती टांगलेल्या, फळीवर रंधे, पटाश्या आणि किंकरी ओळीने मांडलेली, कोपऱ्यात सरस वितळवण्याची शेगडी. धंदा म्हणून त्यांनी सुतारकाम कधी केले नाही. परंतु गावातील अर्ध्या घरांत त्यांच्या हातचे पाट, चौरंग आणि देव्हारे होते. कोणी काही मागितले तर अण्णा नाही म्हणत नसत. फक्त पाळणा मागितला, की ते म्हणत, “तो सावंतवाडीहून आणा. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकूड कातत आणि लाखेने रंगवत आले आहेत. माझे ते काम नव्हे.” असे का, हे त्यांच्या सातवीत शिकणाऱ्या नातवाला ठाऊक नव्हते. पडवीत त्याची सदैव लुडबूड चाले; पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

माघ महिन्यात अण्णांची मुलगी, म्हणजे नातवाची आत्या, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पडवीत येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “अण्णा, पाळणा तुमच्या हातचा हवा.”

अण्णांच्या हातातील रंधा थांबला. “सावंतवाडीला सांगून ठेवतो. सुरेख रंगीत मिळेल.”

“सुरेख नको. तुमच्या हातचा हवा.”

अण्णा काहीच बोलले नाहीत. दोन दिवस ते पडवीकडे फिरकलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिडी लावली आणि नातवाला माळ्यावर चढवून शिवणीच्या फळ्या खाली उतरवून घेतल्या.

शिवण हे लाकूड हलके, फिकट पिवळसर आणि स्वभावाने शांत. चांगले वाळले, की ते सहसा वाकत नाही की पिळत नाही. त्या फळ्यांनी माळ्यावर कितीतरी पावसाळे काढले होते. त्यांतून कठड्याच्या पट्ट्या निघाल्या, तळाच्या पट्ट्या निघाल्या, आणि चार कोपऱ्यांच्या खांबांपैकी तीन खांब निघाले. चौथ्याला लाकूड पुरेना. म्हणून अण्णांनी तालुक्याच्या वखारीतून एक तुकडा आणला. वखारवाल्याने तो खणखणीत वाळलेला असल्याची हमी दिली होती.

अण्णांनी हमीवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी चारही तुकडे नातवाच्या पिशवीत घातले आणि त्याला वाण्याच्या दुकानात पाठवले. दर शनिवारी शाळा सुटली, की नातवाने ते तुकडे वाण्याच्या काट्यावर ठेवायचे आणि वजन वहीत लिहून आणायचे. वाणी हसे, गिऱ्हाइके हसत; मुलगा संकोचाने लाल होई, पण वजन लिहून आणी. माळ्यावरच्या तीन तुकड्यांचे वजन शनिवारामागून शनिवार तेवढेच भरत होते. वखारीतल्या तुकड्याचे मात्र पहिल्या शनिवारी ९६० ग्रॅम भरले, दुसऱ्या शनिवारी ९२५, तिसऱ्या शनिवारी ९०२.

“हा तुकडा इतरांपेक्षा जड आहे,” नातू म्हणाला.

“जड असणे हा गुन्हा नव्हे. दोन लाकडे सारख्या वजनाची नसतात,” अण्णा म्हणाले. “पण एकाच लाकडाचे वजन घटत चालले असेल, तर त्यातले पाणी अजून बाहेर पडते आहे. पाणी गेले, की लाकूड आकसते. लांबीत फारसे नाही. रुंदीत आणि जाडीत आकसते.”

नातवाला दिवस मोजता येत होते. आत्याची तारीख वैशाखात होती. तो म्हणाला, “मग आताच बसवून टाकू या ना. वाळायचे तेव्हा वाळेल.”

अण्णांनी तुकडा खाली ठेवला, खांद्यावर पंचा टाकला आणि ते विहिरीकडे निघून गेले.

आपण काय चुकीचे बोललो, हे मुलाला कळेना. तेव्हा आजीने त्याला जवळ बसवून सांगितले. आत्याच्या जन्माच्या वर्षी पावसाळ्याच्या वादळात परसातला फणस कोसळला होता. अण्णा तेव्हा तरुण. बारशाला स्वतःच्या हातचा पाळणा हवा, म्हणून त्यांनी त्याच ओल्या फणसाचा पाळणा पंधरा दिवसांत उभा केला. दिसायला इतका देखणा, की बाया पाहायला येत. एका पट्टीच्या टोकाला घडवलेले कुसू दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसले, की सांधा होतो. पावसाळी हवेत ती कुसे अगदी घट्ट बसली होती. फाल्गुनात ऊन तापले, लाकूड वाळले, कुसे आकसली. आणि एके दिवशी झोका चालू असतानाच एक कुसू खाचेतून निसटले. पाळणा एका अंगाला कलला. आत्या पाच महिन्यांची होती. तिच्या डाव्या भुवईवर जी बारीक पांढरी रेघ आहे, ती तेव्हाची. तीन टाके पडले होते. त्यानंतर अण्णांनी पाळण्याला हात लावला नाही.

मुलगा सुन्न झाला. आत्याच्या भुवईवरची रेघ त्याने हजारदा पाहिली होती. ती जन्मतःच असावी, असे त्याने गृहीत धरले होते.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सारे ऐकत होती. ती म्हणाली, “आई, तू नेहमी अर्धेच सांगतेस. त्या पाळण्यातून मी पडले ती एकदाच. पाच महिने शांत झोपले ती त्याच पाळण्यात. तो आहे कुठे?”

आजीने वर बोट दाखवले. अण्णांनी तो मोडून चुलीत घालायला काढला होता. तिने तो पोत्यात बांधून माळ्याच्या अगदी टोकाला सारून ठेवला होता, आणि तीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते.

पोते खाली आले. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते. वर्षे जातात तसे ते तांबूस-तपकिरी होत जाते. त्या खांबांचा रंग आता गडद झाला होता. अण्णांनी एक खांब उचलला, बोटाने वाजवला, नाकाजवळ नेला. मग तो पुढचे तीन शनिवार वाण्याच्या काट्यावर गेला. त्याचे वजन एका ग्रॅमनेही हलले नाही. एके काळी जे घरातील सर्वांत ओले लाकूड होते, तेच आता सर्वांत कोरडे झाले होते. जुन्या खाचेचा भाग कापून टाकल्यावर उरलेला तुकडा नव्या खांबाला नेमका पुरला.

आता काम वेगाने सुरू झाले. वेगाने म्हणजे अण्णांच्या वेगाने. खाच कोरायला एक सकाळ, कुसू घासून तीत बसवायला दुसरी. कुसू हाताच्या दाबाने अर्धे आत जावे आणि उरलेले मोगरीच्या हलक्या ठोक्याने. सैल बसले तर लाकूड वाया, आणि बळेच ठोकले तर खांब उकलतो. शिवाय प्रत्येक सांध्यातून बांबूची मेख आरपार जायची होती. त्यासाठी खांबाला एक भोक आणि कुसूला एक भोक. परंतु ही दोन भोके अण्णा मुद्दाम एका रेषेत पाडत नसत. कुसूचे भोक तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतके पट्टीच्या खांद्याकडे घेत. त्यामुळे मेख आत शिरताना कुसूला खांबाकडे ओढून घेई आणि सांधा स्वतःच आवळला जाई. सरस वितळला तरी मेख धरून ठेवील, अशी ती योजना होती. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. एक वाटोळा ठिपका दिसतो, इतकेच.

तळाच्या पट्ट्या मात्र त्यांनी खाचांत मोकळ्या सोडल्या. सरस नाही की खिळा नाही. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल शोषून फुगते. त्याला जागा ठेवली नाही, तर ते चौकटच फोडते. तळ सपाट ठेवला, कारण तान्ह्या मुलाने सपाट अंथरुणावर उताणे झोपावे, असे डॉक्टर सांगतात.

कठड्याच्या दांड्यांची तपासणी नातवाकडे होती. अण्णांनी त्याला सहा सेंटिमीटरांचा एक घनाकृती ठोकळा करून दिला. तो कोणत्याही दोन दांड्यांमधून पार जाता कामा नये. गेला, तर बाळाचे अंग निसटून डोके अडकण्याचा धोका. एका ठिकाणी ठोकळा अगदी सहज पलीकडे गेला. ती दांडी बसवायची खूण नातवानेच केली होती. क्षणभर त्याला वाटले, की न बोलता पुढच्या दांडीकडे वळावे. मग त्याने अण्णांना हाक मारली. अण्णांनी एक शब्दही न उच्चारता पट्टी बदलायला घेतली, आणि ते काम दोन दिवस लांबले.

रंगाचा प्रश्न आजीने काढला. घरात तैलरंगाचा एक जुना डबा होता. अण्णांनी तो बाजूला ठेवला. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि दात येऊ लागलेले मूल हाती येईल ते चावते. भारतात २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम लागू झाला आहे. डबा त्याच्या पुष्कळ आधीचा होता. तेव्हा खांबांचा रंग जसा होता तसाच राहिला: तीन फिकट, एक गडद. नुसते काचकागदाने घासून लाकूड रेशमासारखे मऊ केले.

पाळणा माजघराच्या तुळईला टांगला. अण्णांनी त्यात तीस-तीस किलो तांदळाच्या दोन गोण्या ठेवल्या आणि आठ दिवस तशाच ठेवल्या. तीन किलोंच्या बाळासाठी साठ किलोंची परीक्षा! नातू येता-जाता गोण्यांना झोका देई. त्याने घड्याळ लावून मोजले: दहा झोक्यांना तीस सेकंद. गोण्या काढल्यावर पुन्हा मोजले: जवळजवळ तीसच. झोक्याला लागणारा वेळ टांगलेल्या वजनावर नव्हे, तर लांबीवर अवलंबून असतो, हे इटलीतील गॅलिलिओने ओळखले होते. पण स्वतःच्या घरात तांदळाच्या गोण्यांनी ते पटवून द्यावे, याचा आनंद निराळा. तुळईपासून पाळण्यापर्यंतचे अंतर सुमारे सव्वादोन मीटर होते. ते एक मीटर असते, तर झोका दोन सेकंदांतच पुरा झाला असता, आणि बाळाला इतका संथ हेलकावा मिळाला नसता.

वैशाखात मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसे. रिवाजाप्रमाणे आधी पाळण्यात वरवंटा निजवला, मग बाळ. पाहुणीपैकी कोणी तरी म्हणाली, “तीन खांब गोरे आणि एकच सावळा कसा हो?” आत्या हसली आणि पाळण्याची दोरी तिने नेमकी त्याच खांबाला बांधली. अण्णा त्या वेळी बायकांच्या घोळक्यात नव्हते. ते पडवीत बसून, धार असलेल्याच पटाशीला पुन्हा धार लावत होते.

पावसाळा आला आणि गेला. बाळ पालथे पडू लागले, मग सरपटू लागले, आणि पाळणा जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेला. आत्या सासरी गेली.

फाल्गुनात ऊन तापू लागले. एके दुपारी घर निजलेले असताना शिडीचा आवाज झाला, म्हणून नातू उठून पाहतो, तो अण्णा विजेरी घेऊन माळ्यावर चढलेले. त्यांनी धोतर सोडले, पाळणा उघडा केला आणि एकेका सांध्यावर नख फिरवले. गडद खांबाशी ते बराच वेळ थांबले. खांब आणि पट्टी यांच्यामध्ये त्यांनी नख घालून पाहिले, मग पोस्टकार्डाचा कोपरा घालून पाहिला. कोपरा दुमडला; आत गेला नाही.

“काय पाहत होता, अण्णा?” ते खाली उतरल्यावर नातवाने विचारले.

“काही नाही,” अण्णा म्हणाले, आणि हात झटकून पाणी प्यायला गेले.