तोळाभर वजनाची गोळी

बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. सहा महिने लेकीकडे कोलोरॅडोला होते. परत आल्यावर जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी आपले डोंगरांचे आणि बर्फाचे फोटो दाखवते. खरे सांगायचे तर सप्टेंबर-ऑक्टोबरचे दोन महिने मी बंदुकीच्या गोळ्यांबद्दल ऐकत होते! आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने हे कुणाला सांगावे? म्हणून इथे लिहिते.

जावई तिकडचा, आणि त्याचे वडील, म्हणजे माझे व्याही, जन्मभर एल्कची शिकार करत आलेले. एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला. मादी सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्या पुढे. अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क या कोलोरॅडोतच. एस्टेस पार्क नावाच्या गावात तर ते रस्त्यावरून गाईंसारखे हिंडतात. सप्टेंबरात नर शीळ घालतो. एवढ्या धिप्पाड जनावराच्या तोंडून बासरीसारखा बारीक सूर निघतो, यावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

तर माझ्या पंधरा वर्षांच्या नातवाला यंदा मादीचा परवाना मिळाला होता, आणि बंदूक कुठली द्यायची यावरून घरात रोज रात्री जेवताना वाद. व्याह्यांचे म्हणणे, त्यांची थ्री हंड्रेड विन्चेस्टर मॅग्नम. जावई म्हणे सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर, ही २००७ मध्ये निघालेली, धक्का कमी, नेम सरळ. व्याही त्यावर नुसते नाक मुरडत. त्यांच्या मते ती हरणाला ठीक.

मी मांस खात नाही. लेकीला वाटले, आईला या विषयाचा त्रास होत असेल. त्रास होतच होता, पण कारण वेगळे होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन, म्हणजे १९६० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या कोकणातल्या वाडीत शेजाऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती. शिकारबंदीचा कायदा १९७२ चा, त्याला अजून अवकाश होता. भातात रानडुक्कर शिरले म्हणून त्यांनी एका रात्री बार काढला. डुक्कर पडले नाही. रक्ताचा माग करवंदीच्या जाळीपर्यंत गेला आणि हरवला. पुढच्या दोन रात्री वहाळाच्या बाजूने त्याचा आवाज येत होता. आई खिडकी लावून घेई, तरी यायचा. तिसऱ्या रात्री आला नाही.

म्हणून एका रात्री मीच व्याह्यांना विचारले, "एका गोळीत मरेल ना?" ते एकदम गप्प झाले. मग उठून काडतुसांची खोकी घेऊन आले आणि टेबलावर मांडून बसले. तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

कोलोरॅडोचा नियम असा: एल्कसाठी नळीचा व्यास निदान २४ शतांश इंच, गोळी निदान ८५ ग्रेनची, शंभर यार्डांवर तिचा जोर निदान हजार फूट-पौंड, आणि गोळी आत गेल्यावर पसरणारी हवी. व्याही म्हणाले, हा झाला पास होण्यापुरता मार्क. (हे मला लगेच समजले!) नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसांवर. वाटेत खांद्याचे हाड आले आणि गोळी हलकी किंवा ठिसूळ असली, तर ती वरच फुटते आणि जनावर जखम घेऊन पळते. जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या १९४६ साली एका मूसवर अशाच फसल्या. तेव्हा त्याने मधे आडवी भिंत असलेली गोळी तयार केली. पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. मी मनात म्हटले, सगळेच काही खिडकी लावून बसत नाहीत.

त्यांच्या थर्टी-ऑट-सिक्सची १८० ग्रेनची गोळी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. १८० ग्रेन म्हणजे बरोबर जुना एक तोळा, आपल्या राणीछाप रुपयाचे वजन. आजीचा तसा एक रुपया माझ्या पाकिटात असतो. मी तो दुसऱ्या हातावर ठेवला. दोन्ही हात सारखेच जड. व्याह्यांना याची फार गंमत वाटली.

निकाल मात्र मैदानावर लागला. मीही कानांवर ती जाड झाकणे चढवून गेले होते. मॅग्नमचे दोन बार झाल्यावर व्याह्यांनी नातवाला न सांगता बंदूक रिकामीच हातात दिली. त्याने चाप ओढला, नुसता टक् आवाज झाला, तरी नळी हातभर खाली गेली आणि त्याचे डोळे गच्च मिटलेले! छडीच्या आधीच हात मागे घेणारी मुले मी तीस वर्षे पाहिली आहेत. मी म्हटले, "याला हिची भीती वाटते." व्याह्यांनी निमूटपणे मॅग्नम पेटीत ठेवली.

शेवटी तीनशे आठ विन्चेस्टर ठरली, १९५२ सालची, मध्यम धक्क्याची. गोळी १६५ ग्रेनची, अख्ख्या तांब्याची. तांबे लेकीच्या हट्टाने. शिशाची गोळी मांसात बारीक कणांनी विखुरते, आणि रानात टाकलेली आतडी खाणाऱ्या गरुडांच्या पोटातही जाते. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिसे बंदच केले आहे. आपली गिधाडे गुरांच्या औषधाने गेली, हे आठवून मीही तिची बाजू घेतली. व्याह्यांनी एक अट घातली, दोनशे यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही. महिनाभर नातू त्याच बंदुकीने सराव करत होता. मधूनमधून रिकामा चाप असेच. नळी हलेनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परतले. गोळी आरपार गेली होती, सापडली नाही. नातवाने पितळेची रिकामी पुंगळी आणली होती, ती ओट्यावर ठेवली.

"किती लांब गेली रे?" मी विचारले.

"वीस पावलं असतील, आजी."

"आणि डोळे?"

"उघडे होते. सगळं दिसलं."

त्या रात्री त्याने माझ्याकडे वरणभात मागितला.